ओपनिंग बँड चुकवू नका: स्वतंत्र संगीताच्या नव्या चाहत्यांसाठी

फोनवर एखादं गाणं अचानक कानावर पडतं आणि आवडून जातं. गायकाचं नाव कधी ऐकलेलं नसतं. शोधल्यावर कळतं की हे कुठल्याच सिनेमातलं नाही. इथपर्यंत बरेच जण पोहोचतात, पुढे काय करायचं ते मात्र कुणी सांगत नाही. हा लेख त्या पुढच्या पायऱ्यांसाठी आहे: काय ऐकायचं, गिग, म्हणजे लाइव्ह कार्यक्रम, कुठे शोधायची, तिथे कसं वागायचं, कुठे खर्च केलेले पैसे खरोखर कलाकारापर्यंत जातात, आणि उत्साह फारच वाढला तर घरीच बैठक कशी लावायची.

आधी थोडी ओळख. स्वतंत्र संगीत, किंवा सगळे म्हणतात तसं इंडी, म्हणजे ढोबळमानाने असं संगीत जे सिनेमासाठी किंवा मोठ्या कंपनीच्या मागणीवरून केलेलं नसतं. गाणं कलाकाराचं, रेकॉर्डिंगचा खर्च त्याचा आणि ते लोकांपर्यंत नेण्याची दगदगही त्याचीच. १९८४ मध्ये गोव्याच्या रेमो फर्नांडिसने शिवोलीतल्या घरी चार ट्रॅकच्या रेकॉर्डरवर पहिला अल्बम केला, जवळपास सगळी वाद्यं स्वतः वाजवली आणि कॅसेटी स्कूटरवर टाकून गोवाभर स्वतःच विकल्या. चाळीस वर्षांनी, २०२४ मध्ये, क्रेटेक्स आणि श्रेयस या जोडीचं 'तांबडी चामडी' हे गाणं एका डच संगीत कंपनीकडून निघालं आणि मराठीचा एक शब्द न कळणारे लोकही त्यावर नाचले. मधल्या काळात रेकॉर्डिंग स्वस्त झालं. कुर्ल्याच्या नेझी या रॅपरने २०१४ मध्ये ज्या गाण्याने नाव कमावलं ते त्याने आयपॅडवर केलं होतं. स्वस्त झालं नाही ते लोकांना घराबाहेर काढणं. चाहत्याचं काम तिथे सुरू होतं.

पहिली पायरी: तुमच्या कानाला ओळखीचं दार शोधा

'इंडी' नावाची एकच चव नसते. कुणीतरी दिलेली शंभर गाण्यांची प्लेलिस्ट लावली की पंधराव्या गाण्याला कंटाळा येतो, आणि मग माणूस 'हे आपल्यासाठी नाही' म्हणून परत जुन्या गाण्यांकडे वळतो. त्यापेक्षा आत्ता तुम्हाला काय आवडतं तिथून सुरुवात करा.

अभंग आवडत असतील तर मुंबईचा 'अभंग रिपोस्ट' ऐका. तुकोबांचे शब्द तेच, खाली बेस गिटार आणि ड्रम्स. काही ज्येष्ठांना हे रुचत नाही, पण वारीतल्या रिंगणात टाळ-मृदंगाची लय कुठवर चढते हे ज्यांनी पाहिलंय त्यांना यात फार धक्कादायक काही सापडणार नाही. शाहिरी आणि जलशांची ओढ असेल तर मुंबईच्या 'स्वदेशी' या रॅपरांच्या गटाकडे जा. ते मराठी, हिंदी अशा अनेक भाषांत रॅप करतात. २०१९ मध्ये आरेच्या जंगलातल्या आदिवासींच्या हक्कांवर त्यांनी गाणं केलं, तेव्हा सोबत आरेतलेच लोकगायक प्रकाश भोईर होते. अमरावतीच्या '१०० आरबीएच'चं वऱ्हाडी रॅप ऐकलंत तर पुण्या-मुंबईची मराठी थोडी अळणी वाटू लागेल, याची तयारी ठेवा. याच वाटेवर पुढे चेन्नईचा 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' भेटतो. त्यांची तमिळ गाणी आंबेडकरी विचारांची आहेत.

शांत, शब्दप्रधान गाणी हवी असतील तर प्रतीक कुहाड किंवा पुण्याचा 'ईझी वाँडरलिंग्ज'. लोकसंगीत आणि रॉक एकत्र हवं असेल तर १९९० पासून वाजवणारा दिल्लीचा 'इंडियन ओशन', बंगळुरूचा 'स्वरात्मा', केरळचा 'अवियल'. मल्याळम येत नाही म्हणून अवियल सोडू नका. इंग्रजी गाण्यांचे निम्मे शब्द तरी आपल्याला कुठे कळतात? मेटल, म्हणजे रॉकचा सगळ्यात कडक, दणदणीत प्रकार, हवा असेल तर मुंबईचा 'डेमोनिक रेझरेक्शन' आहे आणि दिल्लीचा 'ब्लडीवुड' आहे. ब्लडीवुडच्या गाण्यांत ढोल असतो, आणि २०१९ मध्ये ते जर्मनीतल्या वाकेन या मेटलच्या प्रचंड महोत्सवात वाजवून आले.

यातला एक कलाकार निवडा आणि त्याचा एक अख्खा अल्बम सलग ऐका, निदान दोनदा. नंतर श्रेयनामावली वाचा. ही सवय लावून घ्या. बेस कुणी वाजवला, मिक्सिंग कुणी केलं, मागे गाणारी बाई कोण, ही नावं लक्षात ठेवा. हे जग लहान आहे. एकच ड्रमर चार बँडमध्ये वाजवत असतो आणि एकाच साउंड इंजिनिअरच्या हातून अर्ध्या शहराची गाणी गेलेली असतात. एका नावाचा धागा पकडला की पुढचे सहा महिने ऐकायला पुरेल एवढं सापडतं, आणि ते कुठल्याही ॲपने सुचवलेल्या यादीपेक्षा चांगलं असतं.

दुसरी पायरी: गिग शोधा, त्यातही बुधवार-गुरुवारची

बँडला फॉलो करताच, तसं जागेलाही फॉलो करा. तुमच्या शहरात ज्या दोन-तीन ठिकाणी लाइव्ह संगीत होतं, त्यांची इन्स्टाग्राम खाती रविवारी एकदा पाहिली तरी आठवड्याचा कार्यक्रम कळतो. तिकिटं बुकमायशो किंवा डिस्ट्रिक्ट या ॲपवर मिळतात. छोट्या गिगचं तिकीट पुष्कळदा दारातच असतं.

शनिवारी नावाजलेले बँड असतात, कारण त्या दिवशी जागेला गर्दी हवी असते. नवे आवाज ऐकायचे असतील तर आठवड्याच्या मधले दिवस पाहा. तिकीट कमी, कधी काहीच नाही, समोर तीस माणसं, आणि मंचावर असा कुणीतरी जो पहिल्यांदाच स्वतःची गाणी लोकांसमोर म्हणतोय. अशा गिगमध्ये चारपैकी दोन कलाकार सामान्य निघतील, एक बरा असेल. चौथ्यासाठी जायचं.

वयाची अडचण आधी तपासा. बऱ्याच गिग जिथे दारू मिळते अशा ठिकाणी होतात, आणि महाराष्ट्रात बिअरसाठीही २१ वर्षं पूर्ण लागतात. त्यामुळे अनेक ठिकाणी त्याहून लहान मुलांना दारातूनच परत पाठवतात. तुम्ही पाणी पिणार असलात तरी नियम बदलत नाही, म्हणून मूळ ओळखपत्र जवळ ठेवा. वय कमी असेल तर कॉलेजांचे महोत्सव हा उत्तम रस्ता आहे. आयआयटी मुंबईचा मूड इंडिगो १९७१ पासून चालू आहे, आणि तिथल्या बँडस्पर्धेत असे बँड ऐकायला मिळतात ज्यांचं नाव अजून त्यांच्या शेजाऱ्यांनाही माहीत नसतं. मोकळ्या मैदानातले महोत्सव, पुस्तकांची दुकानं आणि कॅफेतल्या संध्याकाळी, सोफार साउंड्ससारख्या बैठकी हेही पर्याय आहेत. सोफार २००९ मध्ये लंडनला सुरू झालं. तिथे जागा कार्यक्रमाच्या जरा आधीच कळते, लोक जमिनीवर बसतात आणि गाणं चालू असताना कुणी बोलत नाही. मराठी माणसाला यात नवीन काहीच नाही, फक्त तंबोऱ्याच्या जागी गिटार असते.

'नंतर कधीतरी जाऊ' असं मात्र म्हणू नका. जागा टिकत नाहीत. मुंबईत १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' हे रॉक बँडचं संमेलन धोबीतलावच्या रंगभवनात व्हायचं आणि कॉलेजातली पोरं तिकिटासाठी रांगा लावायची. आजूबाजूला रुग्णालयं आणि महाविद्यालय असल्याने तो भाग शांतता क्षेत्रात गेला आणि रंगभवन गप्प झालं. लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात २००७ मध्ये 'ब्लू फ्रॉग' हे लाइव्ह संगीताचं ठिकाण उघडलं. ध्वनिव्यवस्था इतकी चांगली की बाहेरगावचे बँड तिथे वाजवायला मिळण्याची वाट पाहायचे. २०१६ मध्ये तेही बंद झालं. अशा जागांचं भाडं, वीज आणि माणसांचे पगार बहुतेक खाण्यापिण्याच्या विक्रीतून निघतात. तेव्हा गेलात की काहीतरी मागवा. लिंबूसोडाही चालेल. घरून जेवून येऊन चार तास फुकटचं पाणी पीत बसणारा चाहता बँडला कितीही आवडो, जागेच्या मालकाला आवडत नाही, आणि पुढची तारीख मालकच देतो.

तिसरी पायरी: वेळेवर पोहोचा

या लेखातलं एवढं एकच तुम्ही पाळलंत तरी माझी तक्रार नाही.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर वाजवता येत नाही. वर्षातल्या काही ठरावीक दिवशी राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, पण तेवढंच. सवाई गंधर्वला पहाटेपर्यंत बसलेल्या पिढीला हा नियम कसा लागू झाला ते चांगलंच आठवत असेल. म्हणून मैदानातला कार्यक्रम दहाला संपतो म्हणजे संपतोच, आणि त्यासाठी तो संध्याकाळी लवकर सुरू होतो. बंद जागेत वेळ थोडा पुढे सरकतो, तरी क्रम तोच: आधी ओपनिंग बँड, म्हणजे सुरुवातीला थोडा वेळ वाजवणारा, सहसा नवा बँड, आणि शेवटी हेडलायनर, म्हणजे त्या रात्रीचा मुख्य कलाकार.

आपल्याकडे ओपनिंग बँडचा वेळ हा पार्किंग शोधण्याचा वेळ समजला जातो. लोक साडेनऊला येतात, हेडलायनरची पाच ओळखीची गाणी ऐकतात आणि निघतात. तोवर एक बँड तीस-पस्तीस मिनिटं रिकाम्या खुर्च्यांसमोर वाजवून, वाद्यं भरून घरी गेलेला असतो. त्या बँडला त्या रात्री मिळालेले पैसे टॅक्सीत संपलेले असतात. ते केवळ आपल्याला कुणीतरी ऐकावं म्हणून आलेले असतात. तुम्ही ज्यांची नावं आज अभिमानाने सांगता ते सगळे कधीतरी अशाच रिकाम्या खुर्च्यांसमोर वाजवत होते. रात्री आठची वेळ दिली असेल तर आठला पोहोचा. उशीर झाला तर तो तिकडून होऊ दे.

आणखी एक गोष्ट. पुष्कळदा हेडलायनर स्वतःच ओपनिंग बँड निवडतो किंवा सुचवतो. म्हणजे ज्याची आवड तुम्हाला पटलेली आहे, त्यानेच तुमच्यासाठी एक नवा बँड आणून ठेवलेला असतो.

चौथी पायरी: गिगमध्ये कसं वावरायचं

उभं कुठे राहायचं? आवाज नीट ऐकायचा असेल तर साउंडच्या टेबलाजवळ. साउंडवाला तिथेच बसून सगळं जुळवत असतो, त्यामुळे आवाज सर्वांत संतुलित तिथेच ऐकू येतो. स्पीकरला चिकटून उभे राहू नका. ध्वनीबाबतचा साधा हिशेब असा: ८५ डेसिबलला आठ तासांपर्यंत कान सहन करतात आणि त्यावर दर ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. रॉकची गिग सहज तिथवर जाते. संगीतासाठीचे इअरप्लग मिळतात, त्यांनी आवाज बोदा न होता फक्त कमी होतो. कुणी 'एवढं काय' म्हणून हसलंच तर हसू दे. आयुष्यभर कानात शिट्टी वाजत राहण्यापेक्षा ते बरं.

उत्साह दाखवा, अगदी जोरात दाखवा. ही शास्त्रीय बैठक नाही, त्यामुळे मान डोलावून काम भागत नाही. गाणं येत असेल तर सोबत गा, टाळ्या तालात वाजवा, उड्या मारा. नव्या बँडला समोरच्या पहिल्या ओळीतल्या पाच हसऱ्या चेहऱ्यांनी जो धीर मिळतो तो लाइकच्या आकड्याने येत नाही. मात्र मंचाकडे पाहून हिंदी सिनेमाच्या गाण्याची फर्माईश करू नका. समोरचा माणूस स्वतः लिहिलेलं काहीतरी तुम्हाला ऐकवतोय. लग्नाचा ऑर्केस्ट्रा समोर नाही, हे लक्षात असू द्या. त्यांच्याच एखाद्या जुन्या गाण्याचं नाव ओरडा, मंचावर कसे चेहरे उजळतात ते पाहा.

फोनवर एक गाणं रेकॉर्ड करा आणि खिशात ठेवा. आख्खी गिग हात वर करून चित्रित केलेले व्हिडिओ नंतर कुणीही पाहत नाही, तुम्हीसुद्धा. गप्पा मारायच्या असतील तर मागे बारजवळ जा. हळू गाणं चालू असताना पहिल्या रांगेत बसून फ्लॅटच्या किमतींवर चर्चा करणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्याविषयी माझी मतं छापण्याजोगी नाहीत.

मेटलच्या गिगमध्ये मध्येच मोकळी जागा करून लोक एकमेकांवर आदळताना दिसतील. तो मॉश पिट. बाहेरून दंगल वाटते, पण आत नियम असतात आणि जुने लोक ते पाळतात. कुणी पडलं की आजूबाजूचे सगळे थांबून आधी त्याला उचलतात. चष्मा किंवा बूट पडला तर हात वर करून धरतात, मालक येऊन घेतो. ठोसे मारायचे नाहीत, कडेला उभ्या असलेल्याला आत ओढायचं नाही. पहिल्यांदा गेलात तर कडेने पाहा. हातात ग्लास घेऊन आत शिरू नका आणि बुटांच्या नाड्या बांधा.

आणि गर्दीचा फायदा घेऊन कुणी अंगचटीला येत असेल, मग ते तुमच्या बाबतीत असो किंवा शेजारच्या मुलीच्या, तर गप्प राहू नका. जागेच्या माणसाला किंवा बाउन्सरला लगेच सांगा. ते ढिम्म राहिले तर गाणं संपल्यावर थेट मंचाला सांगा. चांगले बँड वाजवणं थांबवून त्या माणसाला बाहेर काढायला लावतात. शेजारच्या मुलीला 'तू ठीक आहेस ना? आमच्याजवळ उभी राहा' एवढं विचारलं तरी पुष्कळ होतं.

पाचवी पायरी: पैशांचं बोलू

आधी स्ट्रीमिंगचं गणित. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं की एक स्ट्रीम धरला जातो. २०२४ पासून नियम असा आहे की मागच्या १२ महिन्यांत किमान १,००० स्ट्रीम झाले नसतील, तर त्या गाण्याच्या रेकॉर्डिंगचे पैसे मिळतच नाहीत. एखाद्या नव्या गायिकेचे ३०० खरे चाहते असतील आणि प्रत्येकाने गाणं तीनदा ऐकलं, तर झाले ९०० स्ट्रीम. मिळकत शून्य. हजाराच्या वर गेलं तरी हाती येणाऱ्या रकमेत चहा-भजीच होते. ऐकू नका असं म्हणत नाहीये. ऐका, प्लेलिस्टमध्ये घाला, सेव्ह करा. त्याने गाणं आणखी लोकांना सुचवलं जातं. फक्त ऐकलं म्हणजे आपण कलाकाराला पैसे दिले, असं समजू नका.

पैसे जातात ते तिकिटातून आणि टेबलावरून. गिगच्या बाहेर एका टेबलावर टी-शर्ट, स्टिकर, पोस्टर, क्वचित कॅसेट किंवा व्हिनाइलची तबकडी मांडलेली असते. त्याला मर्च म्हणतात. एका टी-शर्टवर बँडला जे सुटतं ते मिळवायला कित्येक हजार स्ट्रीम लागतील. घासाघीस करू नका. टी-शर्ट नको असेल तर स्टिकर घ्या. टेबलावर यूपीआयचा कोड असतोच.

बँडकॅम्प ही वेबसाइट म्हणजे दुसरी चांगली जागा. इथे गाणी विकत घेता येतात, आणि डिजिटल विक्रीतले १५ टक्के ठेवून बाकीची रक्कम, पेमेंटचं शुल्क वजा जाता, कलाकाराकडे जाते. २०२० च्या मार्चमध्ये, कोविडमुळे सगळ्या गिग बंद पडल्या तेव्हा, त्यांनी 'बँडकॅम्प फ्रायडे' सुरू केला. त्या दिवशी ते आपला वाटा सोडतात. अनेक अल्बमना 'द्याल ती किंमत' असा पर्याय असतो. तिथे शून्य लिहिता येतं, तरी लिहू नका. एक अडचण ध्यानात ठेवा. बँडकॅम्पवर कलाकाराला पैसे पेपाल या ऑनलाइन पेमेंट सेवेमार्फत मिळतात आणि पेपालने २०२१ च्या एप्रिलपासून भारतातले देशांतर्गत व्यवहार बंद केले. त्यामुळे इथून इथल्याच कलाकाराला पैसे पाठवताना व्यवहार अडू शकतो. अडला तर कलाकाराला सरळ निरोप टाका आणि यूपीआय करा. न्यू जर्सी, लंडन किंवा सिडनीत बसलेल्या मराठी चाहत्यांना ही अडचण नाही. डॉलरमधली छोटी खरेदी इथे रुपयांत मोठी होते.

आणि आता आपला खास मराठी आजार: पास. नाटकाचे पास, क्रिकेटचे पास, आणि मित्राचा बँड वाजवणार म्हटलं की 'गेस्ट लिस्टमध्ये नाव टाक ना रे!' मित्राचा बँड आहे म्हणून तर तिकीट काढायचं. जागेचे लोक दारावर किती तिकिटं गेली ते मोजतात आणि त्यावर पुढची तारीख ठरवतात. वीस मित्र पासवर आत आले तर हॉल भरलेला दिसतो आणि हिशेबाच्या वहीत बँड पडलेला असतो.

सहावी पायरी: बोला, पण नेमकं बोला

'एकच नंबर' आणि आगीच्या चिन्हांची रांग पाठवणं सोपं आहे. त्याऐवजी एक वाक्य लिहा: कुठल्या गाण्यातली कुठली ओळ लागली, कुठे ड्रम्स अचानक थांबले तेव्हा अंगावर काटा आला. ते बँड अनेक दिवस जपून ठेवतो. व्हिडिओ टाकलात तर बँड, जागा आणि दुसऱ्याचा फोटो वापरला असेल तर फोटोग्राफर, सगळ्यांची नावं द्या. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी किंवा कोकणी गाणं असेल आणि तुम्हाला ती बोली येत असेल, तर शब्दांचा अर्थ लिहून कलाकाराला पाठवा. व्हिडिओखाली चालणाऱ्या ओळींसाठी त्यांना तो हवाच असतो आणि सहसा वेळ नसतो.

दोन गोष्टी टाळा. कलाकार गिगनंतर हसून बोलला म्हणजे तो तुमचा मित्र झाला असं नाही. रोज रात्री निरोप, घरचा पत्ता शोधणं, खाजगी फोटो पसरवणं हे प्रेम नव्हे. आणि नंतर आलेल्या चाहत्यांना 'आम्ही तर पहिल्या गिगपासून' असं हिणवू नका. पहिल्या गिगला तुम्ही तिघेच होता, म्हणूनच त्यांना चौथा हवा होता.

महोत्सवांचं थोडक्यात

पुण्यात २०१० मध्ये कोरेगाव पार्कात पहिला एनएच७ वीकेंडर झाला आणि अनेकांनी भारतीय बँड पहिल्यांदा मोठ्या मंचावर तिथे पाहिले. कुठल्याही महोत्सवात दुपारी जा, आणि मुख्य मंच सोडून सगळ्यात लहान मंच शोधा. वेळापत्रकातली दहा नावं ओळखीची असतील तर पाच अनोळखीही ठरवून घ्या. पाणी प्या, टोपी घ्या, परतीच्या गाडीची सोय आधी करा.

दूर जायची हौस असेल तर अरुणाचल प्रदेशातला झिरो महोत्सव. २०१२ पासून, साधारण सप्टेंबरच्या शेवटी, आपातानी लोकांच्या खोऱ्यात भातशेतीच्या शेजारी बांबूचे मंच उभे राहतात. ईशान्येकडचे जे बँड मुंबई-पुण्यात वर्षानुवर्षं येत नाहीत ते तिथे ऐकायला मिळतात. अरुणाचलसाठी इनर लाइन परमिट, म्हणजे राज्यात शिरण्याचा परवाना, लागतं, ते ऑनलाइन काढता येतं. गुवाहाटीहून नाहरलगूनपर्यंत रेल्वेने आणि पुढे घाटातून गाडीने जायचं. पाऊस असतो, चिखल घोट्याच्या वर येतो. स्पोर्ट्स शूज घेऊन गेलात तर ते तिथेच टाकून यावे लागतील. गमबूट घ्या.

शेवटची पायरी: घरी बैठक लावा

हे कठीण वाटतं, पण गणेशोत्सवात सोसायटीचा कार्यक्रम ज्याने सांभाळलाय त्याला सहज जमेल. एखादा कलाकार आवडला, तुमच्या शहरात त्याला जागा मिळत नाहीये, आणि तुमच्याकडे पंचवीस माणसं बसतील एवढा हॉल आहे, तर पुरेसं आहे.

पहिला निरोप पाठवतानाच पैशांचं स्पष्ट लिहा. 'किमान एवढी रक्कम मी देणार, त्यावर जे जमेल ते सगळं तुमचं.' किमान रक्कम तुमच्या खिशाला झेपेल अशी ठेवा, म्हणजे दहाच माणसं आली तरी तुम्ही तोंड लपवणार नाही. 'तुम्हाला एक्सपोजर मिळेल', म्हणजे पैशांऐवजी प्रसिद्धी, हे वाक्य कुणाच्याही तोंडून निघू देऊ नका. बाहेरगावचा कलाकार असेल तर प्रवास आणि राहण्याची सोय वेगळी धरा.

माइक नको. खोलीत पंचवीस माणसांना एक आवाज आणि एक गिटार विनासायास ऐकू जाते, आणि लाउडस्पीकरच नसल्याने परवानगी, पोलीस, वरच्या मजल्यावरचे आजोबा हे सगळे प्रश्न निम्म्याने कमी होतात. फरशी आणि रिकाम्या भिंतींमुळे हॉलमध्ये आवाज घुमतो. जाजम किंवा सतरंज्या अंथरा, पडदे ओढा, माणसं बसली की उरलेला घुमारा जातो. फिरणारा पंखा कुरकुरत असेल तर आदल्या दिवशी तेल घाला. कुकर आधीच लावून घ्या. दाराची बेल बंद करा.

सोसायटीच्या सेक्रेटरींना नुसतं कळवू नका, बोलवा. दोन्ही शेजाऱ्यांनाही. तक्रार करणारा माणूस पहिल्या रांगेत बसलेला असला की तक्रार होत नाही.

संध्याकाळी सात ते नऊ ही वेळ ठेवा. पहिली वीस मिनिटं अशा कुणाला द्या जो अजून कुठेच गायलेला नाही: भाचीची मैत्रीण, ऑफिसातला कविता करणारा, खालच्या मजल्यावरची उकुलेले वाजवणारी. मग दहा मिनिटं विश्रांती, आणि नंतर मुख्य कलाकाराला पाऊण तास. खाणं शेवटी ठेवा. मध्ये बटाटेवडे आले की दुसऱ्या भागाला कुणी लक्ष देत नाही, हे निरीक्षण सगळ्या प्रकारच्या संगीताला लागू आहे.

वर्गणी सुरुवातीलाच घ्या. दारात एक डबा आणि यूपीआयचा कोड ठेवा, शेजारी आकडा लिहून: 'किमान ३०० रुपये, विद्यार्थ्यांना १००'. आकडा लिहिला नाही तर लोक बुचकळ्यात पडतात आणि पन्नास टाकतात. कार्यक्रम झाल्यावर सगळ्यांसमोर रक्कम मोजा आणि त्याच रात्री कलाकाराच्या हातात द्या. पहिल्या वीस मिनिटांत गायलेल्यालाही त्यातला वाटा द्या, आधी ठरवून.

लोक चपला शोधत असताना एका कागदावर पुढच्या वेळी कळवायची नावं आणि नंबर लिहून घ्या. आणि कलाकार निघण्यापूर्वी त्याला विचारा, की पुढच्या बैठकीला कुणाला बोलवू, तुझ्या ऐकण्यात सध्या कोण आहे ज्याला अजून कुणी ओळखत नाही. तो दोन-तीन नावं देईल. त्यातल्या एकाला दुसऱ्या दिवशीच निरोप टाका.